सतराच्या पाढ्यातली मोकळी ओळ

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून जाते. लहानपणापासूनची सवय. सांगलीत हळदीच्या पेठेमागे आमचं बिऱ्हाड होतं, आणि तिथल्या बायका दुपारी निवडण-टिपण करता करता असल्या गोष्टी चवीनं सांगायच्या. आई म्हणायची, "हिला भीती वाटत नाही, हिला राग येतो." खरंच होतं ते. न दिसणाऱ्या गोष्टीवर माणसं एवढा वेळ कशी घालवतात याचाच मला राग यायचा. पाटणच्या वरच्या अंगाला एका वाडीत जे झालं, त्याच्याकडेही मी रागातच गेले होते, हे आधी सांगून ठेवते.

सत्तरचं दशक अर्धं झालं होतं. बी.एड. होऊन घरी बसले होते. सांगलीतल्या एका प्राध्यापकांनी शाळांची पाहणी हाती घेतली होती, तिच्यात मला घेतलं. खेड्यातल्या चौथीच्या मुलांना नेमकं काय येतं, किती येतं आणि गुरुजी कसं शिकवतात त्याचा त्यावर काय परिणाम होतो, असा त्यांचा विषय होता. सर चांगले होते, पण नियमाला भारी कडक. प्रत्येक मुलाला एकट्याला समोर बसवायचं. सोप्या प्रश्नापासून अवघडाकडे जायचं. आणि ज्या प्रश्नाला मूल पहिल्यांदा अडेल तिथे थांबायचं. पुढचं विचारायचं नाही. तिथवरचे गुण मांडायचे आणि दुसरं मूल बोलवायचं.

"सर, एखादं पोरगं एकाच ठिकाणी अडलं आणि पुढचं सगळं येत असलं तर?" मी विचारलं होतं.

"एखादं तसं निघतं," सर म्हणाले. "सगळा वर्ग तसा निघत नाही. आणि एका गावात तुम्ही दया दाखवलीत, तर बाकीच्या गावांवर अन्याय होतो."

मला ते पटलं होतं. अजूनही पटतं.

त्या पाहणीला एक काटा होता. डोंगरातल्या एकशिक्षकी शाळा चालवणं परवडत नाही म्हणून साहेब लोकांनी काही शाळा बंद करायचं मनावर घेतलं होतं, आणि कुठल्या बंद करायच्या ते ठरवायला आमचेच आकडे बघणार होते. ज्या शाळेतली पोरं तळाला, त्या शाळेला कुलूप. मग त्या पोरांनी खालच्या मोठ्या गावात जायचं. नकाशावर ते गाव हाताच्या अंतरावर दिसायचं. मध्ये ओढा होता, रान होतं, आणि पावसाळ्यात ओढ्याला उतार नसायचा. मुली तर घरीच बसल्या असत्या, हे सांगायला संशोधन कशाला पाहिजे?

एसटीनं पाटण, तिथून दुसऱ्या एसटीनं फाट्यापर्यंत, आणि मग चढण. वर पोचले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. वाडी म्हणजे उतारावर पसरलेली थोडी घरं, आणि एका कडेला पत्र्याची शाळा. काही वर्षांमागच्या भूकंपात जुनी दगडमातीची शाळा पडली होती, तिच्याच जोत्यावर पत्रे उभे केले होते. तिकडे अजूनही बारीक धक्के बसायचे. माणसं बोलता बोलता थांबायची, भांड्यांकडे बघायची, आणि पुन्हा बोलायला लागायची.

गुरुजी तरुण होते, वाळव्याकडच्या ऊसवाल्या घरातले. नोकरी अजून कच्ची. हसून बोलायचे, पण हसता हसता माझ्या पिशवीकडे बघायचे. त्यांना सगळं कळलेलं होतं. "आवं बाई, पोरं हुशार हायेत माझी," एवढंच दोनदोनदा म्हणाले.

माझी राहायची सोय शाळेत दुपारचा उपमा शिजवणाऱ्या बाईंकडे केली होती. चाळिशीच्या असतील. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. मालक पलटणीत होते, वर्षातून एकदा यायचे. घरात त्या एकट्याच. मी त्यांना मावशी म्हणू लागले. त्या मला बाईच म्हणाल्या, पण "पाय शेकून घे" असं अगदी पोरीला सांगावं तसं सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाली आणि पाढे सुरू झाले. सगळ्या इयत्ता एकत्र. मी दारापाशी खुर्चीवर बसून कागद लावत होते. पाढ्यांच्या गलक्याकडे कोण लक्ष देतं? बारा झाला, तेरा झाला. मग सतरा लागला.

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न."

आणि सगळं थांबलं.

मला वाटलं धक्का बसला. मी खुर्ची धरली. पत्रा हलला नाही, काही नाही. पोरं ताठ बसली होती. तोंडं मिटलेली, नजर मागच्या भिंतीकडे. पहिलीतलं शेंबडं पोरसुद्धा गप्प. कुणी खोकलं नाही, कुणी कुणाला चिमटा काढला नाही. एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ गेला, आणि कुणी खूण न करता सगळ्या वर्गानं एकदम उचललं, "सतरा पाची पंच्याऐंशी!"

माझ्या मानेवर काटा आला. आणि काटा आल्याचा मला राग आला.

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खडू शोधत होते. बाहेर पाहिलं तर मावशी चुलीपुढून उठून दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. पदर नीट घेतलेला. त्यांनी मान हलवली, मूल बरोबर बोललं की आपण हलवतो तशी, आणि पुन्हा चुलीपाशी गेल्या.

मी स्वतःला म्हटलं, असेल काहीतरी गावठी पद्धत. कामाला लागले. शाळेमागे उंबराखाली चटई टाकली आणि एकेकाला बोलावलं. पहिला पोरगा धडाधड उत्तरं देत गेला. बेरीज, वजाबाकी, उसनं घेऊन, हातचा धरून, सगळं. मग तो प्रश्न आला. एका पोत्यात सतरा नारळ, तर चार पोत्यांत किती? पोरगा गप्प झाला. मी थांबले. तो माझ्या खांद्यावरून शाळेच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिला.

"येत नाही का रे?"

पोरगा हलला नाही. मी गुण मांडले आणि त्याला उठवलं. दुसरा तिथेच थांबला. तिसरा तिथेच. तो प्रश्न यादीत फार वर होता, बाकीच्या गावांत मठ्ठातली मठ्ठ पोरंसुद्धा तो ओलांडून गेली होती. न आलं तर बोटं मोजायची, मातीत रेघा ओढायच्या, चुकीचं तरी सांगायचं. इथे कुणी बोटसुद्धा हलवलं नाही. दुपारपर्यंत माझ्या कागदावर सगळी चौथी एकाच रेषेत उभी होती. जिल्ह्यातल्या मी पाहिलेल्या कुठल्याही शाळेच्या खाली.

शेवटी एक मुलगी राहिली होती. दोन घट्ट वेण्या, डोळे चलाख. ही वर्गातली पहिली, असं गुरुजींनी येताजाता दहादा सुनावलं होतं. ती पण तिथेच थांबली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"सतरा चोक किती गं? पाढा येतो ना तुला?"

"येतो."

"सतरा चोक येतं?"

"येतं की."

"मग सांग!"

"ती माझी न्हाई, बाई." अगदी शांतपणे बोलली. "ती त्याची हाय."

"कुणाची?"

तिनं भिंतीकडं बघितलं. "त्यो म्हणला की आत्ता. तुमी बोलत व्हता, म्हून तुमाला ऐकू आलं न्हाई."

भर दुपार होती. उंबरावर पाखरं कलकलत होती. मी मागे वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही ते विचारू नका. मी कागद गोळा केले, पोरीला घरी पाठवलं आणि तरातरा गुरुजींकडे गेले.

"हा काय खेळ लावलाय तुम्ही? शाळा बंद पडेल, कळतंय का?"

गुरुजी पायरीवर बसले. मग बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी बारीक झाला होता.

पूर्वीच्या गुरुजींची पाढ्याची एक रीत होती. पाढ्याची एकेक ओळ एकेका पोराची. ज्याची ओळ त्यानं उभं राहून एकट्यानं म्हणायची, मग बाकीच्यांनी पुढची घ्यायची. परीक्षेला बसणारी पोरं हिवाळ्यात रात्री शाळेतच झोपायला यायची, गुरुजी पहाटे उठवून अभ्यास घ्यायचे. त्या पहाटे सतराचा पाढा चालला होता. चौथ्या ओळीचा पोरगा मागच्या भिंतीपाशी उभा राहिला, आणि भूकंप झाला. दाराकडची पोरं बाहेर पडली. भिंत आत आली.

"मावशींचा," गुरुजी म्हणाले. "एकुलता एक."

मी चुलीच्या दिशेला वळून पाहिलं.

"शाळा पुन्हा सुरू झाली तवा वाचलेल्या पोरांतनं त्याची ओळ कुणी घेतली न्हाई. गप बसली. आणि ही बाई बाहेर चुलीपाशी व्हती, ती धावत दारात आली. म्हणली, आला, माझा आला, म्हणला बघा! तवापासनं पोरं ती ओळ सोडत्यात. ती पोरं मोठी झाली, ही नवी आली. यांच्यातलं एकबी तवा शाळंत नव्हतं. घरनंच शिकून येत्यात. मी आल्या आल्या छड्या मारल्या, बाई. हात पुढं करून मार खाल्ला पोरांनी, पण बोलली न्हाईत. मग मला कळलं, तवापासनं मीबी गप."

"आणि तुम्हाला ऐकू येतं?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पयल्यांदा येत नव्हतं," म्हणाले.



"पुढचा प्रश्न विचारा की, बाई," गुरुजी अजिजीनं म्हणाले. "त्यो एक सोडा. पुढलं समदं येतंय त्यांना. कुणाला कळणार हाय?"

"मला कळेल ना!" मी म्हणाले. "बाकीच्या गावांतली पोरं अडली तिथे मी थांबले. तुमच्यासाठी नियम मोडू? उद्या पुन्हा बसवते सगळ्यांना. कुठल्याही शाळेला एक जादा संधी द्यायची मुभा आहे मला. पण उत्तर पोरांच्या तोंडून आलं पाहिजे. पोरांना सांगा, नाहीतर मावशींना सांगा."

"तिला?" गुरुजी उठून उभे राहिले. "माझी नोकरी गेली तरी चालंल, तिला न्हाई सांगणार. तुमी बी सांगू नका. हात जोडतो."

त्यांनी खरंच हात जोडले. शाळेच्या आडोशाला कढई घासल्याचा आवाज येत होता. तो मधेच थांबला होता, हे मला मागाहून आठवलं.

संध्याकाळी मावशी पावटा सोलत बसल्या होत्या. मी पण समोर बसून सोलायला लागले. मला तोंड आवरत नाही असं सगळ्या सांगलीला माहीत, आणि इथे मी शेंगा मोडत गुपचूप बसले होते.

"शाळा खरंच बंद हुईल?" त्यांनीच विचारलं.

मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलायचं?

"मग पाढं?"

"शाळाच नाही तर पाढे कुठले, मावशी. पोरं खालच्या गावात जातील. जातील ती जातील."

त्यांनी एक शेंग मोडली, दाणे काढले, टरफल नीट बाजूला ठेवलं. "वेण्यावाली पोर न्हाई जायाची," म्हणाल्या. "तिचा बा ओढ्याला भितो."

बाहेर अंधारून आलं. मधेच भिंतीवरची ताटं किणकिणली, बारीक धक्का होता. मावशींनी वर बघितलं. मला वाटलं भांड्यांकडे बघतायत. पण त्या दाराकडे बघत होत्या, शाळेतून पोरगं यायची वेळ झाल्यावर आई बघते तसं.

"हुशार व्हता," त्या म्हणाल्या. "पर लाजाळू. एकट्यानं म्हणायला घाबरायचा. मी सांगायची, बाबा, मी बाहेर उभी हाय की. मला ऐकू येईल एवढं म्हण." आणि पावटा घेऊन आत गेल्या.

सकाळी उठले तेव्हा मावशी घरात नव्हत्या. मी भराभर आवरून शाळेत गेले. प्रार्थना संपली होती. चूल पेटवलेली नव्हती. मावशी वर्गात उभ्या होत्या, मागच्या भिंतीपाशी. इतकी वर्षं त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या, असं गुरुजींनी मला नंतर सांगितलं. पोरं मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. गुरुजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाढं घ्या, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "सतराचा घ्या."

पोरांनीच सुरू केलं. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. आणि नेहमीसारखी शांतता पडली.

मी दारात उभी होते. मी ऐकलं की नाही? आजवर हे कितीदा तरी विचारलंय, मीच मला. वारा नव्हता. पत्रा तापायचा होता. तरी भिंतीपाशी काहीतरी होतं, कुणी बोलायच्या आधी श्वास घेतं ना, तेवढंच. मावशींनी डोळे मिटले होते. त्यांनी मान हलवली नाही. डोळे उघडले आणि मोठ्यानं म्हणाल्या, "म्हणा रं पोरांनो. समद्यांनी म्हणा."

कुणी म्हणेना. वेण्यावाली रडायला लागली.

"म्हण गं. त्यानं दिली म्हणून सांगते. म्हण."

"सतरा..." ती पोर हुंदक्यातून म्हणाली, "सतरा चोक अडुसष्ट."

"अजून मोठ्यानं. समद्यांनी."

"सतरा चोक अडुसष्ट!"

पत्र्याला आदळून आवाज परत आला. पोरं स्वतःच दचकली. मग न थांबता पुढची ओळ, त्याच्या पुढची, दहापर्यंत. मावशींनी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला. या वेळी कुठेच थांबला नाही. पाढा कसा सरळ गेला, बाकीच्या कुठल्याही गावातल्यासारखा. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. मला धाय मोकलून रडावंसं वाटलं, आणि मी रडलेही, उंबराखाली जाऊन, चटईवर तोंड दाबून.

मग तोंड धुतलं आणि कामाला बसले. पोरं एकेक येऊन बसली. सतरा नारळ, चार पोती? अडुसष्ट. पुढचा? पुढचा. पुढचा. वेण्यावाली तर शेवटच्या प्रश्नापर्यंत गेली, तिथवर फार थोडी पोरं पोचली होती. गुरुजी लांबून माझा हात कागदावर फिरताना बघत होते. शाळा वाचली होती. हे त्यांना कळलं, मला कळलं, आणि उपमा उशिरानं शिजवणाऱ्या मावशींनाही कळलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी पोरांना वाढताना हात आखडला नाही.

दुपारी मी निघाले. गुरुजी फाट्यापर्यंत पिशवी घेऊन येणार होते. मावशींच्या पाया पडायला गेले. त्या चुलीपुढे बसल्या होत्या, चूल विझलेली होती. पाया पडू दिलं, डोक्यावरून हात फिरवला. तो हात थंड होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "मावशी, फार मोठं काम केलंत. पोरं नाव काढतील."

त्यांनी ते ऐकलं नसावं. शाळेकडे बघत होत्या. आत गुरुजी नसतानाही पोरं पुन्हा पाढे म्हणत होती, उगीचच, आनंदानं. सतराचा लागला आणि सरळ पुढे गेला.

"बाई," त्यांनी माझा हात धरला. "तुमी शिकलेल्या. मला एक सांगा. एवढी पोरं एकदम म्हणत्यात. त्यात त्याचा आवाज कुठला?"

पिशवी घेऊन गुरुजी येऊन उभे राहिले. पाढा संपून पुढचा लागला. मावशींनी माझा हात सोडला नव्हता.